आधी हक्काचा कागद, मग सायकलची वाट



मागच्या हिवाळ्यात एका रविवारी सकाळी आमच्या वस्तीवर आठ-नऊ सायकलवाले आले. डोक्यावर हेल्मेट, हातात मोजे, पाठीवर पाण्याची पिशवी आणि तिची नळी थेट तोंडापाशी. सायकलींची चाकं जाड, पुढं मोटारसायकलीसारखे शॉकअप. आमच्या पोट्ट्यांनी एक सायकल उचलून पाहिली, एका हातात उचलली गेली. किंमत विचारली तर एकजण हसत म्हणाला, नव्वद हजार. आमचा एक म्हातारा बाबा तिथंच बसला होता. तो म्हणाला, "एवढ्या पैशात बैलजोडी येते. ही काय ओढते?"

त्यांना वरच्या पठारावर जायचं होतं. आम्ही वाट दाखवली. संध्याकाळी ते परत आले, चहा घेतला, पैसे देऊ लागले. पाहुण्याकडून चहाचे पैसे कोण घेतो? घेतले नाहीत. माणसं चांगली होती, हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं जे लिहितो आहोत ते त्या माणसांविरुद्ध नाही.

दोन महिन्यांनी दुसरे लोक आले. त्यांनी वाट विचारलीच नाही. त्यांच्या मोबाईलवर आमची वाट लाल रेघेत काढलेली होती. आम्ही तिला डिंकाची वाट म्हणतो, कारण आमची आजी-पणजी त्या वाटेनं सालईचा डिंक काढायला जायची. मोबाईलवर तिचं नाव दुसरंच, इंग्रजीत. त्यातला एकजण अंधार पडताना चुकला. आम्ही बॅटऱ्या घेऊन निघालो आणि रात्री दहाला त्याला नाल्यातून वर आणलं. तो नाला अस्वलांचा येण्याजाण्याचा. मोबाईलला ते माहीत नव्हतं.

मग बाजाराच्या दिवशी चहाच्या टपरीवर ऐकू आलं की वरच्या पठारावर म्हणे "साहसी पर्यटन" होणार, सायकलची शर्यत होणार, तंबू लागणार. कोण करणार, कोणी ठरवलं, कोणाला विचारलं? वस्तीत कोणालाच काही माहीत नाही. म्हणून हा लेख.

वस्तीतली बैठक

त्या आठवड्यात बैठक बसली. तरुण पोरं म्हणाली, लोक येतात तर येऊ द्या. दिवाळी झाली की निम्मी वस्ती कामाला बाहेर जाते. वाट दाखवून दिवसाला पाचशे रुपये इथंच मिळाले तर काय वाईट?

म्हातारी माणसं म्हणाली, आधी पाहुणा येतो, मग पाटी येते, मग गेट येते. गेट आलं की गेटच्या आत कोण राहतो हा प्रश्न येतो. आणि मग आपल्याला म्हणतात, उठा.

दोघांचंही खरं आहे. पोरांच्या पोटाची गोष्ट खरी आणि म्हाताऱ्यांच्या डोळ्यादेखत घडलेलंही खरं. आपल्या जिल्ह्यात अंबाबरवा आणि ज्ञानगंगा ही दोन अभयारण्यं १९९७ साली झाली. अंबाबरवा संग्रामपूर तालुक्यात, मेळघाट व्याघ्र प्रकल्पाला जोडलेलं. ज्ञानगंगा बुलडाणा-खामगावच्या मधल्या डोंगरात. अंबाबरवाच्या आतली वस्ती आणि ज्ञानगंगेतलं देव्हारी गाव बाहेर आणून वसवलं गेलं. आज त्याच जंगलात सफारीची गाडी फिरते. आपला माणूस बाहेर आणि पाहुणा आत, हे आपण पाहिलेलं आहे. मग म्हातारी माणसं घाबरणार नाहीत तर काय करतील?

वाट एक, नजरा दोन

आता एक गोष्ट बघा. डिंकाच्या वाटेनं आमची बाई सरपणाची मोळी घेऊन खाली येते तेव्हा तिला विचारणा होते, काय आणलं, कुठून आणलं. आमचा पोरगा कुऱ्हाड घेऊन दिसला तर तो चोर. त्याच वाटेनं नव्वद हजाराची सायकल आली की ते साहस. आम्ही रोज पोटासाठी जे करतो तेच कोणी सुट्टीच्या दिवशी केलं की त्याचं कौतुक होतं.

आम्हाला सायकलचा राग नाही. खरं सांगायचं तर आम्हालाही डोंगरात सायकल चालवायला लई आवडतं. हा खेळ जन्मला तोच जुन्या सायकलींवर. १९७० च्या दशकात अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या डोंगरात काही पोरांनी जुन्या जाड चाकांच्या सायकली वर नेल्या आणि मातीच्या उतारावर सोडून दिल्या. तिथून हा खेळ वाढला आणि १९९६ साली अटलांटाच्या ऑलिंपिकमध्ये पोचला. आमचे पोट्टे तर बिनब्रेकच्या सायकलीवर, मागं पिठाचं पोतं बांधून, चप्पल चाकाला घासत उतार उतरतात. त्यांना पदक कोण देणार?

आणि आमच्या मुली? मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना शाळेत जायला सायकल मिळते. चांगली योजना आहे. पण सातपुड्यातल्या वस्तीवरून शाळेपर्यंत सायकल चालेल असा रस्ता कुठं आहे? भिंगारा, चाळीसटापरी, गोमाल या बाजूला कधी येऊन बघा. पावसाळ्यात मुलगी सायकलवर नाही, सायकल मुलीच्या खांद्यावर असते. आजारी माणसाला झोळीत घालून खाली आणावं लागतं. पठारावर हौसेच्या सायकलसाठी वाट तयार होणार असेल तर आधी शाळेच्या सायकलसाठी झाली पाहिजे, एवढं म्हणायचा हक्क आम्हाला आहे का नाही?

वाघाची वाट नकाशावर, आमची का नाही?

आपल्या जिल्ह्यानं पाहिलेला सगळ्यात मोठा साहसवीर कोण? तो एक वाघ आहे. यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातून निघालेला हा तरुण वाघ २०१९ च्या डिसेंबरात ज्ञानगंगेत आला. त्याच्या गळ्यात कॉलर होती. त्या कॉलरच्या नोंदीप्रमाणे तो सगळा मिळून तीन हजार किलोमीटरच्या वर चालला. शेकडो गावांच्या शिवारातून, कपाशीतून, नाल्यातून, रस्ते ओलांडून. पेपरात त्याच्या वाटेचा नकाशा छापून आला, आम्हीही कौतुकानं पाहिला.

पण मनात आलं, एका वाघाची एका वर्षाची वाट नकाशावर आली, हौशी सायकलवाल्याची एका रविवारची वाट मोबाईलवर आली, आणि आमच्या कितीतरी पिढ्यांची वाट अजून कोणत्याच सरकारी कागदावर नाही. जी वाट कागदावर नाही ती कोणाचीच नाही, असं समजून कोणीही तिला आपलं नाव देऊन टाकतो.

दोष थोडा आपलाही आहे. आपण पट्ट्याचे दावे भरले, शेताच्या तुकड्यासाठी तालुक्याला खेटे घातले, ते बरोबरच केलं. पण सामूहिक हक्काचा दावा "नंतर बघू" म्हणून कितीतरी वस्त्यांनी मागं ठेवला. शेत एकाचं असतं म्हणून घरचा माणूस त्याच्या मागं धावतो. वाट, पाणवठा, चराई, देवाची जागा सगळ्यांची असते म्हणून कोणीच धावत नाही.

कायदा काय म्हणतो

काही लोक सांगतात की बुलडाणा जिल्हा अनुसूचित क्षेत्रात नाही, म्हणून तुमच्या ग्रामसभेला काही अधिकार नाही. यात अर्धं खरं, अर्धं खोटं. शेजारच्या अमरावतीतले धारणी आणि चिखलदरा तालुके अनुसूचित क्षेत्रात आहेत, आपण नाही. म्हणून पेसा आपल्याला लागू नाही, हे खरं. पण वनहक्क कायदा २००६ सगळीकडे लागू आहे. अभयारण्यातही लागू आहे. या कायद्यात "वनजमीन" या शब्दात अभयारण्य आणि राष्ट्रीय उद्यान धरलेलं आहे.

त्या कायद्यातल्या तीन गोष्टी पाठ करून ठेवा.

पहिली. कलम ३(१) प्रमाणे गावाला आपल्या पारंपरिक हद्दीतल्या सामूहिक वनसंपत्तीचं रक्षण, पुनर्निर्माण आणि व्यवस्थापन करायचा हक्क आहे.

दुसरी. कलम ५ प्रमाणे सामूहिक वनसंपत्तीत कोणी यावं, कसं यावं याचं नियमन ग्रामसभा करू शकते. वन्यप्राणी, जंगल, जैवविविधता यांना अपाय करणारं काम थांबवायचा ठराव ग्रामसभा करू शकते आणि तो पाळला जाईल हेही तिनं बघायचं आहे. सायकलच्या वाटेचा सगळा निकाल या एका कलमात आहे.

तिसरी. कलम ३(२) मध्ये गावाच्या सोयीसाठी वनजमीन द्यायच्या १३ गोष्टी लिहिल्या आहेत. शाळा, दवाखाना, अंगणवाडी, रेशन दुकान, पिण्याचं पाणी, रस्ता वगैरे. प्रत्येक कामाला एक हेक्टरपेक्षा कमी जमीन, हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं पडायची नाहीत आणि ग्रामसभेची शिफारस पाहिजे. या यादीत रस्ता आहे. पर्यटनाचा तंबू नाही. ज्यांना शाळेचा रस्ता पाहिजे त्यांनी या कलमाखाली ठराव करून मागावा.

आता दुसरी बाजूही समजून घ्या. वन संरक्षण कायद्यात २०२३ साली दुरुस्ती झाली, ती १ डिसेंबर २०२३ पासून लागू झाली. वनखात्याच्या कार्ययोजनेत किंवा व्याघ्र संवर्धन आराखड्यात ज्या निसर्ग पर्यटनाच्या सोयी लिहिलेल्या असतील, त्या आता "वनेतर वापर" धरल्या जात नाहीत. म्हणजे जंगलात पर्यटनाची सोय करणं पहिल्यापेक्षा सोपं झालं. राज्य सरकारनं ऑगस्ट २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचं धोरणही काढलं. त्यात जमिनीवरचे, पाण्यातले आणि हवेतले असे साहसाचे खेळ आहेत आणि ते चालवणाऱ्यानं पर्यटन खात्याकडे नोंदणी करायची आहे.

तिकडची तयारी अशी चालू आहे. आपल्याकडची काय? वनहक्क कायदा त्या दुरुस्तीनं रद्द झालेला नाही. पण दावा दाखलच केला नाही तर कोणत्या तोंडानं म्हणणार की आम्हाला विचारा?

दूरचं एक गाव

कॅनडा देशाच्या उत्तर टोकाला युकॉन नावाचा प्रदेश आहे. तिथं कारक्रॉस नावाचं आदिवासींचं छोटं गाव आहे. कारक्रॉस-टॅगिश या तिथल्या आदिवासी समाजानं २००५ साली सरकारबरोबर आपल्या जमिनीचा आणि स्वशासनाचा करार केला. त्यानंतर, २००६ पासून, त्यांनी आपल्याच तरुण पोरांना उन्हाळ्यात मजुरी देऊन मोंटाना नावाच्या डोंगरावर वाटा तयार करायला लावलं. जुन्या वाटा साफ केल्या, नव्या काढल्या. आज तिथं दूरदूरचे सायकलवाले येतात आणि गावातली पोरंही त्याच वाटांवर सायकल चालवतात. २०१६ साली त्यांच्यावर 'शिफ्ट' नावाचा माहितीपट निघाला.

यातला क्रम ध्यानात घ्या. आधी जमिनीचा करार, मग सायकलची वाट. वाट कुठून काढायची हे ज्यांचा डोंगर त्यांनी ठरवलं, फावडं त्यांच्या हातात, मजुरी त्यांच्या घरात. हाच क्रम उलटा झाला असता, आधी वाट आणि मग करार, तर डोंगर बाहेरच्यांचा झाला असता आणि पोरं तिथं सायकली पुसत बसली असती.

तेवढ्या दूर जायला नको असेल तर अमरावती जिल्ह्यातलं पायविहीर बघा. २०१२ साली त्या गावाला सामूहिक वनहक्क मिळाला. उजाड टेकडी लोकांनी राखली, सीताफळं विकली, त्याचा भाव ग्रामसभेनं ठरवला. कागद हातात आल्यावर गाव काय करू शकतं ते एसटीनं जाऊन पाहता येतं.

आमचं म्हणणं

सायकलवाल्याला हाकलायचं नाही, हारही घालायचा नाही. आधी सामूहिक दावा, मग ग्रामसभेचे नियम, मग सायकल. नियम काय असावेत याचा एक कच्चा मसुदा देतो. प्रत्येक वस्तीनं आपल्यापुरता बदलून घ्यावा.

१. येणाऱ्यानं आधी ग्रामसभेला कळवावं. कोणी कंपनी किंवा क्लब माणसं आणत असेल तर त्यानं साहसी पर्यटनाच्या नोंदणीचा कागद दाखवावा. अभयारण्याची हद्द असेल तिथली परवानगी वेगळी, ती त्यानं वेगळी आणावी.

२. वस्तीतला एक तरी सोबती घेतल्याशिवाय वर जायचं नाही. एका वेळी दहापेक्षा जास्त सायकली नाहीत.

३. ऊन पडल्यावर निघायचं आणि दुपारी चारच्या आत खाली यायचं. सायकलचा आवाज होत नाही, ती वळणावर एकदम अस्वलासमोर येते. दचकलेलं अस्वल कोणाला सोडत नाही. आणि चिडलेल्या अस्वलाची गाठ दुसऱ्या दिवशी आमच्या बायांशी पडते.

४. पावसाळ्यात वाट बंद. ओल्या मातीत चाकानं चर पडतो, चरातून पाणी धावतं, दोन पावसाळ्यांत वाटेचा नाला होतो. आपले वाडवडील डोंगराला आडवे चालत गेले, सरळ उतरले नाहीत, ते काही उगीच नाही. नवी वाट काढायची झाली तर तीही आडवी, वळणा-वळणाची काढावी.

५. मोह गळायच्या दिवसांत सकाळी कोणी येऊ नये. बाया झाडाखाली वेचत असतात.

६. वाघदेवाची जागा, मसणवट आणि गुरांचा पाणवठा या ठिकाणी सायकल नाही, ड्रोन नाही.

७. जो काही पैसा येईल तो ग्रामसभेच्या बँक खात्यात. सोबत्याची मजुरी त्यातून, वाटेची दुरुस्ती त्यातून. कोणा एकाच्या खिशात नाही, मग तो आपला पुढारी असो की आपला भाऊ. आणि ध्यानात ठेवा, कोणी बाहेरून येऊन पाच माणसांची समिती केली म्हणजे ती ग्रामसभा होत नाही.

८. वाटेचं नाव आपलंच राहील.

पोरांना आमचं एक सांगणं आहे. पाचशे रुपये वाईट नाहीत. पण पाचशेसाठी एकट्यानं वाट विकू नका. एकट्यानं दाखवलेली वाट मोबाईलवर गेली की पुढच्या वेळी तुलाही कोणी विचारणार नाही. आमच्या डिंकाच्या वाटेचं तसंच झालं. आमच्याच हातानं झालं, आम्हीच बोट करून दाखवली होती.

आपली मोहीम

मग आता काय करायचं? मोह गळायला लागायच्या आत प्रत्येक वस्तीनं शिवारफेरी काढायची. जिथं सायकल जाते तिथं सायकलनं, जिथं नाही तिथं पायी. शाळेच्या मुलींनी आपल्या सायकली घेऊन यावं, हे खास सांगतो. सोबत दोन म्हातारे, दोन म्हाताऱ्या घ्या. त्या थकल्या तर सायकलच्या मागं बसवा. त्या सांगतील ती प्रत्येक वाट, झरा, पाणवठा, चराईची जागा, डिंकाची झाडं, देवाची जागा वहीत लिहा, नावासकट. कागदावर नकाशा काढा. मोबाईल असेल तर त्यात आपणच आपली रेघ काढा.

ही वही म्हणजे पुरावा आहे. वनहक्काच्या नियमांत वडीलधाऱ्या माणसाचं लिहून घेतलेलं सांगणं पुरावा धरलं जातं. देवाची झाडं, पाणवठे, चराईच्या जागा, मसणवट हेही पुराव्यात धरतात. एकापेक्षा जास्त पुरावे जोडायचे. सामूहिक वनसंपत्तीचा दावा नमुना 'क' मध्ये भरायचा. ठरावाच्या ग्रामसभेला निम्मे लोक हजर पाहिजेत आणि हजर असलेल्यांत तिसरा हिस्सा बाया पाहिजेत, नाहीतर वर गेल्यावर तोच ठराव तोंडावर मारतात. वह्या संघटनेच्या पुढच्या बैठकीला घेऊन या. नमुना भरायला आम्ही बसूच.

आमच्या वस्तीची फेरी सुरू झाली आहे. पहिल्या दिवशी त्या बैलजोडीवाल्या बाबाला आम्ही सायकलच्या मागं बसवून नेलं. चढावर ढकलत, उतारावर धरून. एका दुपारी बाबानं सतरा वाटांची नावं सांगितली. त्यातल्या नऊ आम्हाला माहीतच नव्हत्या. परत येताना तो म्हणाला, "पोट्टेहो, ही सायकल काही ओढत नाही म्हटलं होतं मी. पण हिनं आज मला माझ्या बापाच्या वाटेवर आणलं."

बाबा आहे तोवर वही भरून घ्या, साथींनो. बाबाच्या डोक्यातली वाट त्याच्याबरोबर गेली, तर मग मोबाईलवर जी दिसेल तीच खरी ठरेल.

वाट आपली, नाव आपलं, नियम आपला!